सव्य खांदा

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, त्यामुळे मी तुमच्या नातीला शॉटगन घेऊन दिली हे ऐकून तुम्हाला धक्का बसायची भीती नाही. कुणाला मारायचं नसतं हो. हवेत मातीच्या चकत्या उडवतात, त्या फोडायच्या. चौदा वर्षांची पोर मैत्रिणीबरोबर क्लबात जायला लागली आणि उसन्या बंदुकीनं दहातल्या सहा फोडायला लागली. कोच म्हणाली, आता हिला हिच्या मापाची घ्या.

इथे इंग्लंडात, रीडिंग गावाबाहेरच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं आधी बंदूक दाखवलीच नाही. हाताच्या बोटांची खिडकी करून हिला त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला. "लेफ्ट आय, लेफ्ट शोल्डर," तो म्हणाला; नेम धरणारा डोळा डावा, तर बंदूकही डाव्याच खांद्याला. ही तशीच उभी होती, डाव्या खांद्याला. आणि माझ्या तोंडून तुम्ही बोललात, "उजवा!"

समोर वीस बोअरची जुनी, हलकी, देखणी बंदूक होती, दस्ता आखूड केलेला, पण उजव्यांसाठी झुकवलेला. डावखुऱ्यांची मागवावी लागेल, असं त्यानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, सवय होते.

मला झालीच की. मी आठ वर्षांची, स्वयंपाकघरात पाटावर बसलेय, शिऱ्याची वाटी डाव्या हातात. तुमचा रूळ बोटांवर येतो. "तो हात कशाचा, ठाऊक आहे ना?" पुढे आठवीत तुम्हीच फळ्यावर लिहिलंत: सव्य म्हणजे डावा. लोक उजवा समजतात, म्हणालात, शब्दाचा मूळ अर्थ कुणी विचारतच नाही. वर्ग हसला. मीही हसले, उजव्या हातानं वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या रविवारी गाडीत बसताना ही म्हणाली, "आई, हा बंदूक मला गालावर मारतो."

"ही बंदूक. मारते."

लिंग दुरुस्त केलं, अण्णा. गाल बघितला नाही. तो दोन दिवसांनी बघितला, निळा पडलेला. तोवर दहातली एकही फुटेनाशी झाली होती. डावा डोळा एकीकडे बघायचा आणि उजवा खांदा भलतीकडे झाडायचा.

आता बंदूक जिन्याखालच्या पोलादी कपाटात आहे आणि ही रविवारी उशिरापर्यंत झोपते. काल म्हटलं, बदलून आणू, डावी आणू. तिनं फोनमधून मानही वर केली नाही. "नको आई. आय'म जस्ट नॉट गुड ॲट इट."

हे वाक्य माझं आहे. चित्रकलेची वही तुमच्यापुढे ठेवून मी ते मराठीत म्हटलं होतं, आणि तुम्ही व्याकरण तपासून मान डोलावली होती. त्यानंतर मी रंग हातात घेतले नाहीत. ही काय काय हातात घेणार नाही, ते मला बसल्या जागी दिसतंय.

पत्र टाकायला तुमच्याकडे पेटी नाही, म्हणून ते राहील. एकच सांगते. वरचं "अण्णा" मी डाव्या हातानं लिहायला घेतलं होतं. पाच कागद फाडले. हे सहाव्यावर आहे, उजव्या हातानं, तुम्हाला आवडेल अशा अक्षरात.