चास्कामार्काच्या वाटेवर चौदा दिवस: एपिफानियो सुल्का यांच्यावरील दंड आणि निकानोर विल्का यांचे निलंबन

दि. ११ सप्टेंबर २०१९
मु. पाक्चापाता

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
प्राचीन पायवाट व अवशेष प्रवेश नियंत्रण कार्यालय,
सान रोमुआल्दो प्रांत.

विषय: फाटक-रक्षक श्री. निकानोर विल्का यांचे निलंबन व श्री. एपिफानियो सुल्का यांच्यावरील दंड तात्काळ मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) आमचे दि. ४ मार्च, १५ एप्रिल व ३ जूनचे अर्ज. २) आपल्या कार्यालयाची त्यांवरील तीन नकारपत्रे. ३) आपली दि. २६ ऑगस्टची नोटीस.

महोदय,

संदर्भातील तिन्ही अर्ज मीच लिहिले होते. एपिफानियो काकांना लिहिता-वाचता येत नाही आणि गावसभेची सचिव म्हणून ते काम माझ्याकडे येते. तिन्ही वेळा मी ‘कृपया’ आणि ‘विनंती’ हे शब्द जागोजाग पेरले होते. या अर्जात ते सापडणार नाहीत. जे घडले ते क्रमाने लिहिते. आपल्या नोटिशीत ते चार ओळींत उरकले आहे आणि त्या चारही ओळी खोट्या आहेत.

१. श्री. एपिफानियो सुल्का, वय ७१, यांनी आमच्या गावापासून चास्कामार्काच्या अवशेषांपर्यंत एकेचाळीस वर्षे हमाली केली. पर्यटकांचे तंबू, खुर्च्या, भांडी, एकदा तर एका बाईंचा पितळी आरसाही त्यांनी पाठीवरून वर नेला. त्यांच्या पत्नी श्रीमती फोर्तुनाता याच वाटेवर सव्वीस वर्षे स्वयंपाकाला होत्या. पर्यटक मुक्कामाला पोचण्याआधी तंबू उभा हवा आणि चहाला आधण आलेले हवे, म्हणून हमाल आणि स्वयंपाकिणी ही वाट चालत नाहीत, धावतात. हे आपणांस ठाऊक असावे. नसल्यास एकदा पाठीवर पंचवीस किलो घेऊन यावे.

२. गेल्या जानेवारीत एका परदेशी पाहुण्याने गावाला चास्कामार्काचे छायाचित्र पाठवले. डोंगराच्या कड्यावर ती पाच खिडक्यांची भिंत. फोर्तुनाताकाकूंनी ते बराच वेळ न्याहाळले आणि नवऱ्याला विचारले, “या खिडक्यांतून पलीकडे काय दिसतं हो?”

काका त्या भिंतीपाशी कमीत कमी सहाशे वेळा गेले असतील. ते म्हणाले, “मला नाही माहीत.”

“अहो, सहाशे वेळा गेलात ना?”

“वाकून गेलो गं. त्या वाटेचा एकेक दगड सांगतो तुला, कुठला हलतो, कुठला पावसात निसरतो. पण मान वर करायला पाठीवरचं ओझं कुठं देत होतं?”

काकू हसल्या नाहीत. त्यांनाही ती भिंत माहीत नव्हती. स्वयंपाकिणींना खालच्या ओढ्यापाशीच थांबवत. त्या दिवशी दोघांनी ठरवले, की एकदा जायचे, रिकाम्या पाठीने, सावकाश, वाटेल तिथे बसत.

३. या प्रवासाची आखणी त्यांनी महिनाभर केली. काकूंनी घोंगडीवर मक्याचे दाणे मांडले. पांढरा दाणा म्हणजे चालण्याचा दिवस, जांभळा म्हणजे बसण्याचा. सहा पांढरे झाले, आठ जांभळे. काका म्हणाले, “अगं, ही यात्रा आहे की बाळंतपण? बसायचेच दिवस जास्त!” काकू म्हणाल्या, “गुडघे तुमचे आहेत. त्यांना विचारा आणि मग बोला.” कुठल्या दिवशी कुठे थांबायचे तेही ठरले. दुसरा दिवस काकूंच्या बहिणीकडे, तिच्या मेंढ्यांची लोकर कातरायला मदत करून. चौथा पाण्याच्या जुन्या हौदापाशी, कारण तिथल्या दगडी पन्हळीतून अजून पाणी पडते आणि काकांनी ते फक्त ऐकलेले आहे. चास्कामार्कात सलग दोन दिवस. शिदोरीला वाळवलेले बटाटे, भाजका मका, चीज, आणि डोंगरदेवांना वाहायला कोकाची पाने.

पर्यटक जी वाट चार दिवसांत उरकतात, तिला यांनी चौदा दिवस मागितले. महोदय, यात राज्य उलथवण्याचा कोणता कट होता?

४. पहिला अर्ज नाकारताना आपण कळवले: ‘चार दिवसांच्या मार्गासाठी चौदा दिवस मागण्याचे प्रयोजन नमूद नाही.’ आम्ही दुसऱ्या अर्जात प्रयोजन लिहिले, ‘बघणे’. तो अर्ज घेऊन काका स्वतः ट्रकच्या मागे उभे राहून सहा तासांचा प्रवास करून आपल्या खिडकीवर आले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “आजोबा, फॉर्मवर चारच रकाने आहेत. पाचवा दिवस मी कुठे लिहू, माझ्या कपाळावर?” मागच्या रांगेतले लोक हसले. काकाही हसले, त्यांना वाटले आता बाई फॉर्मला कागद जोडून देतील. बाईंनी खिडकी लावली. जेवणाची वेळ झाली होती. काका सव्वातीनपर्यंत त्या बंद खिडकीसमोर उभे होते, कारण बसायला बाक नाही. घरी आल्यावर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. एकेचाळीस वर्षांच्या हमालीत लोक त्यांच्यावर ओरडले होते, पण कोणी हसले नव्हते, असे ते तिसऱ्या दिवशी म्हणाले.

५. त्या अर्जाला उत्तर आले: ‘अर्जदाराचे नाव हमालांच्या नोंदवहीत आहे. एका व्यक्तीस एकाच वर्गातून प्रवेश. सबब पर्यटक म्हणून परवानगी देता येत नाही.’ म्हणून तिसऱ्या अर्जात आम्ही नोंदवहीतून नाव कमी करण्यास सांगितले. उत्तर: ‘नाव कमी करण्यासाठी पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीची प्रत जोडावी.’ हे वाक्य मी गावसभेत तीनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा लोकांना वाटले मी चुकीचे वाचते आहे.

काकूंचे तर आणखीच. स्वयंपाकिणींची नोंदवही आपल्याकडे नाहीच, त्यामुळे त्या वाटेवर कधी गेल्याचा पुरावा नाही. म्हणून त्या ‘पासष्ट वर्षांवरील नवख्या पर्यटक’. अशा पर्यटकास अनुभवी सोबती सक्तीचा. आपल्याच कार्यालयाने पत्रासोबत अनुभवी सोबत्यांची यादी धाडली. यादीत पहिले नाव: सुल्का, एपिफानियो. अट: त्याने किमान पंधरा किलो भार वाहून न्यावा.

म्हणजे ज्या माणसाला रिकाम्या पाठीने जायचे होते, त्याला आपण सांगितले की ओझे घे आणि बायकोचा हमाल म्हणून ये.

६. ५ ऑगस्टला ती दोघे निघाली. विचारले ते फक्त डोंगरांना, कोकाची तीन पाने हातावर धरून. सहाव्या दिवशी, १० ऑगस्टला सकाळी, ती फाटकापाशी पोचली. मी आणि गावातले काहीजण त्यांना तिथवर सोडायला गेलो होतो, म्हणून यापुढचे सर्व मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

फाटकावर श्री. निकानोर विल्का होते. हे शेजारच्या गावचे. वीस वर्षांपूर्वी काकांच्याच हाताखाली हमाली शिकले. त्यांनी काकांना पाहून आधी मिठी मारली आणि मग मान खाली घातली.

“काका, पाठीवर काहीतरी घ्या. माझं घोंगडं घ्या, हे पिंप घ्या. मी काट्याच्या वहीत पंधरा किलो लिहितो. आत गेल्यावर टाकून द्या.”

“निकानोर, तुला ओझं उचलायला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच.”

“मग आज उतरवायलाही शिक. मी पिंप घेणार नाही.”

“काका, माझी नोकरी जाईल हो.”

“मग नको उघडूस,” काका म्हणाले. “तुझ्या पोराबाळांच्या तोंडचा घास काढून मला खिडक्या बघायच्या नाहीत. आम्ही इथंच बसतो.” आणि दोघे फाटकासमोर घोंगडी अंथरून बसली. काकूंनी शिदोरी सोडली आणि पहिला मका निकानोर यांच्या हातावर ठेवला. आपल्या नोटिशीत याला ‘फाटकास वेढा’ म्हटले आहे. वेढा घालणारे दोघे होते आणि त्यांतल्या एकाच्या तोंडात दात नव्हते.

७. दहाच्या सुमारास एका पर्यटक-तुकडीचे तेवीस हमाल आले. त्यांनी विचारले, काय झाले? काकूंनी सांगितले. ऐकून त्यांतला सर्वांत पुढचा हमाल काकांपाशी आला. त्याने कपाळावरचा ओझ्याचा पट्टा काढला आणि तंबूचे गाठोडे जमिनीवर ठेवले. मग दुसऱ्याने ठेवले. मग सगळ्यांनी. गॅसची टाकी, अंड्यांची टोपली, घडीचे टेबल, सगळे फाटकासमोर रांगेने. “आम्हालाही पर्यटक म्हणून जायचंय,” एकजण म्हणाला. “काकांच्या मागं नंबर लावा आमचा.”

मागून पर्यटक आले. त्यांचा वाटाड्या हमालांवर खेकसला. एका उंच पर्यटकाने, “माझा तंबू मीच नेतो,” असे म्हणून गाठोडे पाठीवर घेतले. तो साठ पावले गेला, बसला आणि बराच वेळ काकांच्या पाठीकडे पाहत राहिला. त्याने नंतर आमच्यापैकी कोणाकडे तक्रार केली नाही. तक्रार केली ती आपण.

८. साडेअकराला निकानोर यांनी आपणांस फोन लावला. वाऱ्यामुळे ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. आपण काय बोललात ते आपणांस आठवत नसल्यास येथे देते: “त्या म्हाताऱ्याला ओझं उचलायला लाव, नाहीतर हाकलून दे. त्याला तिथं बघण्यासारखं काय आहे?”

तेवीस हमाल, आम्ही गावचे आठ आणि ज्यांना भाषा कळत होती ते पर्यटक, सर्वांनी हे ऐकले. काका उठले नाहीत. ते फक्त एवढेच बोलले, “ती भिंत ज्या वर्षी दरड कोसळून पडली, त्या वर्षी तिचे दगड मी वर नेले होते, साहेब.” पण आपण तोवर फोन ठेवला होता. त्या दुरुस्तीचे छायाचित्र आपल्या कार्यालयाच्या दारातच लावलेले आहे. काका त्यात डावीकडून तिसरे आहेत. खाली लिहिले आहे, ‘स्थानिक मजूर’.

त्यानंतर निकानोर यांनी गळ्यातली किल्ली काढली. कोणी त्यांना धमकावले नाही, की हातही लावला नाही. नोटिशीतले ‘जमावाच्या दबावाखाली’ हे शब्द खोटे आहेत. उलट काका म्हणत होते, “नको निकानोर, विचार कर.” निकानोर म्हणाले, “केला. तुम्ही चला.” त्यांनी फाटक उघडले आणि नोंदवहीत दोघांची नावे लिहिली. वर्गाच्या रकान्यात ‘पर्यटक’ आणि ‘हमाल’ हे दोन्ही छापील शब्द खोडून त्यांनी ‘घरचे’ असे लिहिले. यालाच आपण ‘शासकीय दस्तऐवजात फेरफार’ म्हणता. आपल्या कार्यालयात आजवर लिहिलेला हा एकच खरा शब्द असावा.

हमालांनी त्या दोघांना वाट दिली, मग आपापली ओझी उचलली आणि पर्यटकांना घेऊन पुढे निघाले. कोणाचाही तंबू चुकला नाही, त्या दिवशी चहा मात्र दोन तास उशिरा झाला.

९. काका-काकू त्यानंतर आठ दिवस त्या वाटेवर होती. चालली थोडी, बसली फार. चास्कामार्कात दोन दिवस राहिली. निजायला खालच्या धनगराच्या झोपडीत उतरत, सकाळी पुन्हा वर. भिंतीला नख लागले नाही. आपल्या निरीक्षकाने ‘अवशेषांपाशी विनाकारण तीन तास बसून राहणे’ या गुन्ह्यासाठी दंडाची पावती फाडली तेव्हा काकूंनी त्याला विचारले, “बाळ, कारण असतं तर किती वेळ बसता आलं असतं?” तोही थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसला. आपल्या अहवालात हे त्याने लिहिले नसावे.

खिडक्यांतून काय दिसले ते मी या अर्जात लिहिणार नाही. ते त्या दोघांचे आहे. १८ ऑगस्टला ती पलीकडच्या नदीकाठच्या गावात उतरली आणि ट्रकने घरी आली. काकांचा एक गुडघा सुजला होता. ते आठवडाभर गावात ज्याला त्याला थांबवून बोलत होते. पूर्वी ते इतके बोलत नसत.

१०. २६ ऑगस्टला आपली नोटीस आली. काकांना दंड आणि निकानोर यांचे निलंबन. निकानोर यांच्या घरी तीन मुले आहेत. त्यांची पत्नी काकांच्या दारी आली तेव्हा ती भांडायलाच आली असे काकांना वाटले, ते घाबरून उठून उभे राहिले. ती म्हणाली, “काका, नवरा पंधरा वर्षांत पहिल्यांदा ताठ मानेनं घरी आलाय. पण त्या साहेबांना काहीतरी सांगा.” काका त्या रात्री जेवले नाहीत. त्यांच्या चौदा दिवसांतला सारा आनंद आपण एका कागदाने नासवलात. माझा सर्वांत जास्त राग याचा आहे.

११. सबब गावसभेने दि. ८ सप्टेंबर रोजी एकमताने ठरवले आहे की निकानोर विल्का कामावर परत येईपर्यंत पाक्चापाता आणि या ठरावात सामील झालेल्या शेजारच्या तीन गावांतला एकही हमाल, एकही स्वयंपाकीण, एकही खेचर चास्कामार्काच्या वाटेवर कामाला जाणार नाही. काकांचा दंड गाव भरणार नाही, काकाही भरणार नाहीत. आपणांस आमच्याशी बोलायचे असल्यास गावात यावे. कार्यालयात आम्ही येणार नाही, तिथे बसायला बाक नाही.

शिवाय, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आमच्या गावातून आणखी अकरा जोडपी याच वाटेने निघत आहेत. सगळे जुने हमाल आणि स्वयंपाकिणी. कोणी सतरा दिवस म्हणते, कोणी वीस. त्यांच्या आखणीचा कागद सोबत जोडला आहे.

आजवर नम्र असलेली,

(सही)
हेर्मेलिंदा काव्हाना
सचिव, पाक्चापाता गावसभा

(अंगठा) एपिफानियो सुल्का
(अंगठा) फोर्तुनाता सुल्का

सोबत:
१. तिन्ही नकारपत्रांच्या प्रती.
२. फोनवरील संभाषण ऐकणाऱ्या एकतीस साक्षीदारांच्या सह्या व अंगठे.
३. गावसभेचा ठराव.
४. अकरा जोडप्यांच्या प्रवासाची आखणी. ही आपल्या माहितीसाठी आहे, परवानगीसाठी नाही.