बियाण्याचे मूग

मोहोपाडा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुंदरास मालोजीदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. हर्षलाच्या हाती चार थाळ्यांचा मोडाचा डबा आणि मुगाची पिशवी पाठवतो आहे. तुझी लेक इथं ड्यूटीला येते, हे आपलं भाग्य. मूग रात्रभर भिजव, थाळ्यांत पातळ पसर, सकाळ-संध्याकाळ वरून पाणी सोड. जाळीतून ते खालच्या ताटात उतरतं. फडक्याची कुबट ओल नको.

आज कॉलनीच्या सभागृहात यावरच बोललो. तीस वर्षं कारखान्याच्या धुराविरुद्ध घसा फोडला. पण आपल्या पोटुशा सुनांच्या अंगात रक्त नाही, ते कुणी बोलायचं? बावीस बायकांनी डबे नेले, मूगही मीच दिले. किराण्यातले निम्मे रुजत नाहीत, म्हणून बियाण्याच्या दुकानातले उरलेले आणले. रुजवायचंच, तर बियाण्याइतका खात्रीचा दाणा कोणता? हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही!

माया आहेच, मोड आले की कळव.

तुझा दादा

दहिवली,
११ फेब्रुवारी

ती. मालोजीदादास सुंदराचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. डबा मिळाला. ह्यांनी विचारलं, मेहुण्यानं चार मजली इमारत पाठवली, लिफ्ट कुठं हाय?

पण दादा, मूग भिजवले तर पाणी गुलाबी झालं. तीन पाणी काढलं तरी बोटं रंगतात. वास फवारणीच्या पंपासारखा. दुकानातलं बियाणं पेरलं की बाबा आपल्याला ओरडून हात धुवायला लावायचे, ते आठवतं का रं? हे तसलंच तर नाय? तू कोऱ्या पिशवीत दिलेस. मूळ पाकिटावर काय लिहिलंय, ते वाचून कळव. तोवर मी चुलीजवळ आणत नाय.

वयनींना नमस्कार. राग मानू नको.

सुंदरा

मोहोपाडा,
१२ फेब्रुवारी

चि. सौ. सुंदरास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. रंग किडीसाठी लावतात, धुतला की गेला. पाकिटं रद्दीत गेली. अक्षरं मुंगीएवढी होती आणि चष्मा घरी होता. अशा शंका काढत बसलो असतो, तर एकही मोर्चा निघाला नसता.

गौराबाईची सून रिया बघ. सातवा महिना, ओटी भरून लोधिवलीला माहेरी गेली, तर डबाही बरोबर नेला. म्हणाली, काकांनी सांगितलंय म्हणजे खाणारच. तिच्याकडून शीक गं.

रुसू नकोस.

दादा

दहिवली,
१३ फेब्रुवारी, सकाळ

ती. दादास नमस्कार.

ते मूग मी परवा परसात टाकले. माझ्या पाच कोंबड्यांतल्या तीन मेल्या. चौथी मान टाकून बसलीय. हर्षलानं उरलेला दाणा तिच्या ड्यूटीवरच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, हे पेरायचं बियाणं हाय, वर विष चोळलेलं, खायचं नाय.

ती म्हणत होती फोन कर. मी म्हटलं, फोनवर दादा बोलेल आणि मी ऐकत बसेन. म्हणून हे ती तुझ्या हातात देईल नि वाचून होईपर्यंत समोर उभी राहील. दादा, आज भाषण नको. बावीस दारं हायत. पहिलं दार रियाचं.

सुंदरा

मोहोपाडा,
१५ फेब्रुवारी

चि. सुंदरास,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

हर्षला समोर उभी होती. पत्र संपलं तेव्हा तीच म्हणाली, मामा, चप्पल घाला. ड्यूटी टाकून ती कॉलनीत एकवीस दारं फिरली, मी गौराबाईंकडे गेलो. रियाच्या माहेरचा नंबर द्यायला त्या तयार नाहीत. म्हणाल्या, रविवारी तुमीच माइकवर सांगितलंत, लोक नावं ठेवतील, घाबरू नका. आता तुमीच भिववता व्हय? हजार माणसांसमोर बोलणारा मी. एका बाईला खरं पटवता आलं नाही. शेवटी तुझं पत्र खिशातून काढलं आणि कोंबड्यांपासून पुढचं मोठ्यानं वाचलं. त्यांनी फोन लावला.

रियानं दोन दिवस खाल्ले होते. सकाळपासून उलट्या होत होत्या. घरचे म्हणत होते, पोटुशीला व्हायच्याच. मी रिक्षा घेऊन लोधिवलीला पोचलो, तर ओट्यावर डबा, थाळीत बोटभर मोड. तिनं मलाच बसायला पाट दिला.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचे ठोके मला ऐकवले. ठोके आहेत. पण सोमवारपर्यंत काही सांगत नाही, म्हणाल्या. कसले मूग, कुठले, कुणी दिले, हे त्यांनी विचारलं. मी माझं नाव लिहून दिलं.

एकवीस पिशव्या परत आल्या. चार घरांत खाल्ले होते, त्यांनाही दाखवून आणलं. दुकानदाराला काय बोलू? तो बियाणं म्हणूनच देत होता. उद्या त्याच सभागृहात उभा राहायचं आहे. माइक नको म्हणून सांगितलंय. तुझं पत्र वाचेन आणि खाली बसेन.

सोमवारपर्यंत दवाखान्याच्या बाकावरच आहे, नुसता कपडे बदलायला घरी आलो. गौराबाई शेजारी बसतात. काल त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

लोभ असावा, असं या खेपेला मागत नाही. सोमवारनंतर तूच ठरव.

मालोजी