लॅपटॉपखालचे दोन पंखे

अहो,

लॅपटॉप तापून बंद पडतो आणि पारा चढतो तुमचा, म्हणून त्याच्याखाली फळीवर दोन छोटे पंखे बसवलेत. माळ्यावरच्या बंद पडलेल्या कंप्यूटरमधले काढले. वायर लॅपटॉपच्याच यूएसबीत खुपसा. पंख्यांना हवेत बारा व्होल्ट, तिथून मिळतात पाच. त्यामुळे अर्धपोटी माणसासारखे रेंगाळत फिरतात. एखादा अडून बसला तर बोटाने जरासं ढकला, मग चालू लागतो. त्याच यूएसबीवर आणखी काही लादू नका.

जेवण फ्रीजमध्ये आहे. गरम करून खा, स्क्रीनकडे बघत थंडगार गिळू नका.

मी ताईकडे राहायला जाते आहे. भांडून नाही हो, भांडायला समोर दुसरं माणूस लागतं. तुमच्या खोलीच्या दाराशी येऊन दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात. म्हणून ही चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवली आहे.

परत कधी येणार ते मुद्दाम लिहिलेलं नाही. फोन करून विचारा. पोचल्या पोचल्या ताई विचारेल, तेव्हा मी सांगणारच आहे की, यांचा वाटेतच फोन येऊन गेला. मला खोटं पाडू नका.