वाळूतला झिरा

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटावी असं काहीतरी मी गेल्या आठवड्यात करून आलोय. दारूच्या कारखान्याचा वकील म्हणून पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात उभा होतो. कारखान्याचं सांडपाणी आपल्या ओढ्यात येतं, प्यायचं पाणी नासलं, ही गावकऱ्यांची तक्रार. तिथं न्यायमूर्तींच्या शेजारी पाण्यातला एक जाणकारही बसतो, नुसत्या कलमांनी भागत नाही. मी म्हणालो, ओढा कोरडाच असतो, त्याचं पाणी पिणार कोण? जाणकारांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही तिकडचेच ना? उन्हाळ्यात लोक वाळूत झिरे उकरत नाहीत?" असले प्रश्न विचारले जावेत म्हणूनच तर हे वेगळं न्यायालय काढलंय, बाई. आणि मी सराईतपणे सांगितलं, "आमच्याकडं तशी पद्धत नाही."

चौथीतली सहल. तेर गावाहून आपण ओढ्याच्या वाटेनं चालत परत येतोय, सगळ्यांच्या घशाला कोरड. तुम्ही पदर खोचून वाळूत गुडघे टेकता, हातानं झिरा उकरता, गढूळ पाणी उपसून टाकता आणि नितळ पाणी येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. मी मात्र वरच्या अंगाला, साचलेल्या डबक्यात खुशाल पाय धूत बसलेला. "वर पाय धुतोस व्हय रं? खाली पिणारी माणसं हायत, दिसत न्हायत?" असं खडसावलंत आणि मग पहिली ओंजळ माझ्याच ओंजळीत ओतलीत.

सुनावणीनंतर तक्रारदार बाहेर भेटला. चौथीत माझ्याच शेजारी बसायचा तो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "वकीलसाहेब," म्हणाला, "तू बी पेला होतास की रं. लई गोड हाय म्हणलास." मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, आठवत नाही.

आज सकाळी एकटाच ओढ्यावर गेलो, झिरा उकरला. कितीही उपसलं तरी पाणी तांबडंच येत होतं, आणि वास असा की तोंडाजवळ नेववेना. हात मी गाडीतल्या बाटलीच्या पाण्यानं धुतले.

निकाल अजून यायचाय. खोटं बोललो असं शपथपत्र देता येतं, एवढा कायदा मला येतो. खरं सांगू? हा कागद मी न्यायाधिकरणाला लिहायला घेतला होता. वर 'बाई' लिहिलं गेलं, म्हणजे आता तो कुठं दाखल करायला नको, आणि मला हायसं वाटलं.