चारशे किलो जास्तीचं

तिमिमून,
३ एप्रिल

रफीका पोरी,

तुझ्या हन्नाचा, म्हाताऱ्या आजीचा, सलाम घे. मी जिवंत आहे, गुडघे तेवढे मेलेत. खजुरांना पराग लावायचं काम अर्धं झालं. झाडावर चढणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर चढायच्या आधी तीन पेले चहा पितो. शेजारची मसूदा पुन्हा आजी झाली. मिरवते अशी की मूल तिनंच जन्माला घातलंय.

अक्षरं वाकडी आहेत. पासष्टाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात शिकले, तेवढ्यात भागव. फोन केला असता, पण फोनवर तू मला गप्प करतेस.

पंधरा तारखेला तू कप्तान होणार. मी आळीभर कुसकुस वाटला. सगळे तुझ्या आजोबांचं नाव घेऊन म्हणाले, "बलखैरची नात विमान चालवणार!" मी हसले. आणि कुणी आणखी काही विचारायच्या आत पुढच्या दारी गेले.

गेल्या महिन्यात तो वाळूचा वारा सुटला त्या दिवशी मी गच्चीवर होते. तुमच्या विमानाचे पंखे डोक्यावर ऐकू आले. दिसत काहीच नव्हतं, माझा स्वतःचा हातसुद्धा नाही. एक घिरटी, दुसरी, तिसरी. मग आवाज लांब लांब गेला. दुपारच्या नमाजापासून पुढच्या नमाजापर्यंत काही कळेना. मी माळ घेऊन बसले, पण ओठ हलेनात. मग तुझा फोन आला. "दुसऱ्याच गावी, एल गोलियाला उतरलो, हन्ना. जेवून घे." जणू मी उपाशी होते म्हणून घाबरले होते.

त्यानंतर तू घरी आलीस. आठवतं ना काय बोललीस?

"आमच्या ऑफिसात भिंतीवर यादी लागते, हन्ना. कुठल्या कप्तानानं विमानात किती जास्तीचं रॉकेल भरायला मागितलं त्याची. सगळ्यात कमी मागतो त्याचं नाव वर."

"वरचा अजून जिवंत आहे ना?"

"हसू नकोस. जास्तीचं वजन उचलायलाही रॉकेलच जळतं. हजार किलो उगाच नेलं, तर तासाला तीस-चाळीस किलो ते नुसतं वाहून नेण्यात जातं. रोजच्या फेऱ्या धर, वर्षाचा हिशोब कर. मी कप्तान झाले की पहिलं नाव माझं."

"आणि त्या वाऱ्याच्या दिवशी?"

"आमच्या कप्तानानं, झरूकी काकांनी, सकाळीच चारशे किलो जास्तीचं भरायला लावलं. मी म्हटलं, काका, हवामानाचा कागद चांगला आहे, कशाला? म्हणाले, 'कागद चांगलाच आहे गं, पण घरी बायको वाट बघते आणि उशीर झाला की फार शिव्या देते.'"

"उतरलात तेव्हा किती उरलं होतं?"

"चाळीस मिनिटांचं. नियमात होतं सगळं."

"आणि ते चारशे किलो किती मिनिटांचं?"

तू चहा ढवळलास. "सदतीस."

मला वजाबाकी येते, रफीका. तुलाही येते. पण लगेच मान वर करून म्हणालीस, "ते चारशे नसते, तर आम्ही घिरट्या सोडून आधीच एल गोलियाकडे निघालो असतो. मी मोजते, हन्ना. आजोबांसारखी विसरत नाही."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी पुदिना आणायला उठले.

तुझे आजोबा विसरले नव्हते.

तुझ्या आजोबांसारख्या आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची रीत आहे. डिझेलचा शेवटचा डबा वाटेचा. तो सीटमागे बांधलेला असतो, घरी आल्यावरही काढत नाहीत, सख्ख्या भावालाही उसना देत नाहीत. माझ्या बहिणीचं लग्न होतं, रग्गानला. तुझा बाप दोन महिन्यांचा, तापानं फणफणलेला, म्हणून मी घरी राहणार होते. पण आहेर जायलाच हवा होता. तांब्याच्या भांड्यांची पेटी कुठं बसेना. मी म्हटलं, "तो डबा काढ."

"वाटेचा आहे, मबरूका."

"तीन वर्षांत एकदा तरी लागला का? वाट काय तुझी दुसरी बायको आहे? बहिणीपुढे मला खाली बघायला लावशील."

त्यानं डबा उतरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

तीन दिवस वारा. वाट बुजली, मऊ वाळूत वळसे घालत, पहिल्या गिअरमध्ये रेटत त्यानं डिझेल जाळलं. पाचव्या दिवशी तहानेनं मेलेला सापडला, रग्गानपासून बावीस किलोमीटरवर. पेटीला ओरखडासुद्धा नव्हता. लोकांनी विचारलं, डबा कुठं? मी म्हणाले, विसरला. सगळ्यांना पटलं. पंचावन्न वर्षं तो माणूस गावाच्या तोंडी विसरभोळा आहे, आणि मी तिथंच बसून ऐकते.

तीन वर्षांत तो डबा खरंच एकदाही लागला नव्हता. माझा हिशोब बरोबर होता, रफीका. तुमच्या भिंतीवर मी पहिली आले असते.

आता वारा सुटला की कणकेत हात तसाच राहतो. तुला हे घाबरवायला लिहीत नाही. घाबरलेली मी आहे. निरभ्र दिवशी रॉकेल वाहून उधळणं हा मूर्खपणाच, ते मलाही कळतं. पण निरभ्र दिवस कुठला, हे ती भिंत ओळखत नाही.

तेरा तारखेच्या बसनं मी अल्जिअर्सला निघते. वीस तास, गुडघ्यांसकट. पंधराला तुझ्याच विमानानं परत येणार. तिकीट काढलंय. आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही. दवाखान्यात जाऊन वजन करून घेतलं, चप्पल काढून चौऱ्याऐंशी किलो. तुझ्या कागदावर लिही.

टाकीत किती भरायचं ते मात्र मला विचारू नकोस. मी सांगितलं की काय होतं, ते एकदा बघितलंय. त्या सकाळी आकाशाकडे तूच बघ, आणि तूच ठरव. मी बसते आहे.

तुझ्या बापाला डब्याचं मीच सांगेन. तू मध्ये पडू नकोस.

तुझ्या पाठीमागे, चौथ्या रांगेत, डोळे मिटून बसणारी,
हन्ना मबरूका