जांभळ्याविरुद्ध बदामी

५ एप्रिल १९९९
नगरपरिषदेच्या रंग समितीवर तज्ज्ञ म्हणून माझी निवड. शिवाय सचिवही मीच. मिनिट्स लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून, असं अरुंधती म्हणते. बायकोला नवऱ्याचं कौतुक पचत नाही. थंड पेयाच्या एका कंपनीनं स्टेशन रोडवरची दुकानं पाटीपासून शटरपर्यंत जांभळी करून टाकलीत. जन्मभर ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाचे डोळे दुखतात हो. आता समितीच्या परवानगीशिवाय दुकानाला ब्रश लागणार नाही. संकल्प : दिवाळीपर्यंत अख्खा रोड बदामी.

८ एप्रिल
स्टेशन रोडवर थंडा विकणाऱ्या कारभारीच्या दुकानावर गेल्तो. प्रेमानं समजावलं. तो म्हणाला, मास्तर, कंपनी रंग फुकट देऊन राह्यली, वर फ्रीज देऊन राह्यली, तुमचा बदामी काय देतो? प्रश्न अडाणी होता म्हणून नुसता वहीत टिपून घेतला. तो नगराध्यक्ष काकासाहेबांचा माणूस आहे, हा भाग वेगळा.

९ एप्रिल
सुधारणा घरापासून करावी. उषावहिनींचं दुकान कारभारीच्या समोरच. थोरला भाऊ गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. गोळ्या, बिस्किटं, थंडा. तेही जांभळंच. सख्ख्या भावजयीलाच पहिली नोटीस दिली की गाव म्हणेल, मास्तर बराबर माणूस आहे.

१२ एप्रिल
वहिनी म्हणाल्या, भाऊजी, रंग खरवडला तर कंपनी फ्रीज उचलून नेईल बघा. उन्हाळ्याच्या थंड्यावर माझं वर्ष निघतं. मी म्हणालो, माठ ठेवा, गिऱ्हाईक दुवा देईल. त्या फ्रीजचं दार पुसायला लागल्या. पटलेलं दिसलं.

१८ एप्रिल
बदामी झालं. स्वतः उभा राहून शेड मिसळून घेतली. खर्चा वहिनींचा, मार्गदर्शन माझं, तेही फुकट. दुकान किती शांत दिसतं.

२१ एप्रिल
कंपनीचा टेम्पो आल्ता. वहिनींचा फ्रीज उचलला आणि रस्ता ओलांडून कारभारीकडे उतरवला. त्याच्याकडे आता दोन. मी देखरेखीला उन्हात उभा, घशाला कोरड. माठातलं पाणी कोमट निघालं, नाइलाजानं कारभारीकडून एक बाटली घेतली. वहिनी बघत होत्या म्हणून पाठ फिरवून प्यालो. आपला विरोध रंगाला आहे, पेयाला बिलकुल नाही.

६ मे
वहिनी दुपारी दुकान बंद ठेवतात. बँकेतल्या साहेबाकडे पोळ्या लाटायला जातात म्हणे. ही माहिती अरुंधतीनं भिंतीकडे बघून दिली. माझ्याशी ती बोलत नाही. मोठ्या कामात घरच्यांची साथ कमीच मिळते.

२० मे
समितीची बैठक. रोडसाठी एकच रंग ठरवायचा. मी कलर-चार्ट नेला. भगवा म्हटलं की दोन मेंबर उठले, हिरवा म्हटलं की दुसरे दोन. निळ्यावरून कपबशी फुटली. पांढरा टोपीवाल्यांचा, लाल मोर्चेवाल्यांचा, पिवळा काकासाहेबांच्याच पॅनलचा. ही संधी साधून मी बदामीवर बोट ठेवलं. काकासाहेब म्हणाले, मास्तर, हा तर मागच्या अध्यक्षाच्या बंगल्याचा रंग, मला खिजवता का? मी म्हणालो, बंगल्यापेक्षा ही शेड फिकट आहे. कुणी ऐकलं नाही.

मंग काकासाहेबच म्हणाले, गावात कुणाचाच नसलेला असा एकच रंग राह्यला. ठराव झाला : स्टेशन रोडवर जांभळा सक्तीचा. एकमतानं. मी मिनिट्स लिहीत असल्यामुळे विरोधाला हात मोकळा नव्हता.

२ जून
पाहणी केली. सगळी दुकानं नियमात. एक सोडून. काकासाहेब म्हणाले, नोटीस सचिवाच्या सहीनं जाते, जल्दी करा. कंपनीच्या माणसाला वहिनींसाठी शब्द टाकला. तो म्हणाला, त्या बाईनं आमचा रंग खरवडला, तिला आता फ्रीज न्हाई अन् रंग बी न्हाई. त्याला मी ठणकावणार होतो, पण तो मोटरसायकलवर होता.

४ जून
राजीनामा द्यायचा विचार केला. पण सचिवपदी दुसरा कुणी आला तर वहिनींना फार कठोर नोटीस देईल. त्यांच्या भल्यासाठी राहिलो. नोटिशीत 'कृपया' घातलं.

७ जून
नोटीस हातानं दिली. पोस्टानं पाठवणं मला बरं वाटेना. वहिनींनी चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाल्या, भाऊजी, रंग लावायला सांगणारे बी तुम्हीच, अन् लावला म्हणून नोटीस देणारे बी तुम्हीच. मी म्हणालो, नियम माणूस बघत नाही. त्या म्हणाल्या, हां, माणूस न्हाईच बघत. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण अक्षर फार सुरेख आलंय, असं शेजारचा दुकानदार म्हणाला.

१९ जून
वहिनींनी दुकान कारभारीला देऊन टाकलं. पोळ्यांचं काम आता दोन्ही वेळचं. अरुंधती त्यांच्याकडे राहायला गेलीय. बदामीवर आज जांभळा चढतोय. कारभारीनं शेड बघायला बोलावलं होतं. गेलो.