फोनलाच वाचायला सांग

अगं,

ही चिठ्ठी फोनसमोर धर, तो वाचून दाखवेल. मुद्दाम मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलीय. कारखान्यातलं मशीन बंद पडलं म्हणून बोलावणं आलं. तुला गाढ झोप लागली होती, उठवलं नाही.

आज दुकानात तुझ्याबरोबर येणं जमणार नाही. तो दुकानातला मदतनीस आहेच म्हणा. त्याचा दंड धरून तू फिरतेस, तो डब्यांवरची नावं वाचतो, पिशव्या घरी आणून सामान जागच्या जागी लावतो. साध्या साबणाचं असं वर्णन करतो की तू दिवसभर खूश! मी सांगायला गेलो की म्हणतेस, "तुम्हाला सगळंच बरं दिसतं."

मिठाची बरणी हाताला ओळखू यावी म्हणून त्याने तिला रबरबँड लावलं, झकास केलं. पण माझे केस पिकलेत, हे तुला सांगायची काय गरज होती? त्याला सामान वाचायला ठेवलंय की नवरा? लग्न झाल्यापासून या घरात कोण कसं दिसतं ते मी सांगत आलोय. माझे केस काळे आहेत. विषय संपला.

त्या फोनमधल्या बाईवर माझा राग नाही. त्या मदतनिसाच्या हातात मात्र ही चिठ्ठी देऊ नकोस.

आणि भाऊसाहेब, तिने दिलीच असेल, तर एवढंच वाचा: "जेवायला थांब, मी येतोय." तेही जरा कोरडं वाचा. नाहीतर तुमच्या तोंडून ते तिला माझ्यापेक्षा गोड वाटायचं.